एमव्ही अगुस्ता : नवी मॉडेल्स, जुनेच प्रश्न

जागतिक मोटरसायकल शर्यतींच्या ५०० सीसी गटात १९५८ ते १९७४ अशी सलग १७ वर्षे विश्वविजेतेपद मिळवून देणारी मोटरसायकल म्हणजे इटलीची एमव्ही अगुस्ता. जॉन सर्टीज, माइक हेलवूड यांच्यासारख्या दिग्गजांनी ती चालवली. जाकोमो अगोस्तिनी यांच्या एकूण १५ विश्वविजेतेपदांपैकी १३ याच गाडीवरची आहेत. एवढा वारसा लाभलेल्या या कंपनीला आर्थिक स्थैर्य मात्र फारसे लाभलेले नाही.

हेलिकॉप्टरांमुळे ‘ऑगस्टा’ हे नाव भारतीयांच्या परिचयाचे आहे. त्याच घराण्याने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, मोटरसायकलींचा व्यवसाय सुरू केला. ‘एमव्ही’ म्हणजे ‘मेकॅनिका व्हेर्गेरा’. व्हेर्गेरा हे कारखान्याच्या गावाचे नाव. कंपनीचे सर्वेसर्वा काउंट डोमेनिको अगुस्ता यांचे १९७१ मध्ये निधन झाले. पुढे शर्यती थांबल्या आणि १९८० च्या सुमारास उत्पादनही बंद पडले.

मालक बदलले, अडचणी कायम

कास्तिल्योनी कुटुंबाच्या काजिव्हा कंपनीने नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी हे नाव विकत घेतले. मासिमो तांबुरिनी यांनी रेखाटलेली ‘एफ ४’ १९९७ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात झळकली. आसनाखालून निघणारे चार सायलेन्सर आणि एकाच बाजूने चाक धरणारा मागचा स्विंगआर्म यांमुळे ती अनेकांना जगातील सर्वांत देखणी मोटरसायकल वाटली. कौतुक झाले, पण तिजोरी भरली नाही. मलेशियाच्या प्रोटॉनने २००४ मध्ये ७ कोटी युरो मोजून घेतलेला बहुसंख्य हिस्सा पुढच्याच वर्षी अवघ्या एका युरोला विकला. २००८ मध्ये आलेली हार्ले-डेव्हिडसन दोनच वर्षांत बाहेर पडली आणि कंपनी नाममात्र किमतीत पुन्हा क्लॉदिओ कास्तिल्योनी यांच्याकडे आली. २०१६ मध्ये धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागावे लागले. त्यानंतर रशियन सरदारोव्ह कुटुंबाने गुंतवणूक केली.

नव्या गाड्यांचे गणित

या साऱ्या काळात नवी मॉडेल्स येतच राहिली. सध्याच्या गाड्यांचा कणा आहे तो ‘एफ ३’साठी विकसित केलेले तीन सिलिंडरचे इंजिन. त्याचा क्रँकशाफ्ट चाकांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे फिरत्या चाकांचा जडपणा काही प्रमाणात कमी होऊन गाडी वळणावर चटकन झुकते. ६७५ सीसीचे हे इंजिन पुढे ७९८ सीसीचे झाले. ‘ब्रुताले’, ‘ड्रॅगस्टर’ आणि २०२० मध्ये बाजारात आलेली, जुन्या शर्यतीच्या गाड्यांची आठवण करून देणारी ‘सुपरव्हेलोचे’ यांनाही तेच बसवले गेले. खडतर रस्त्यांसाठीच्या ‘एंड्युरो व्हेलोचे’मध्ये ते ९३१ सीसीचे असून १२४ अश्वशक्ती देते.

एकाच इंजिनावर अनेक गाड्या बेतणे ही लहान कंपनीची गरज असते. युरोपचे प्रदूषणविषयक निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि प्रत्येक वेळी इंजिनात फेरबदल करावे लागतात. हा खर्च मोठ्या कंपन्या लाखो गाड्यांवर विभागतात. येथे तो काही हजारांवरच पडतो. पैशांची चणचण भासली की पुरवठादारांची देणी थकतात, कारखान्याची गती मंदावते आणि सुट्या भागांसाठी ग्राहक ताटकळतो. महागडी गाडी एका भागासाठी उभी राहिली, तर तिचे सौंदर्य काय कामाचे?

पुण्याशी आलेला संबंध

हीच दुखरी नस ओळखून ऑस्ट्रियाच्या केटीएम समूहाने २०२२ मध्ये २५.१ टक्के हिस्सा घेताना सुट्या भागांची खरेदी व पुरवठा आपल्याकडे घेतला. २०२४ मध्ये बहुसंख्य हिस्साही घेतला. पण त्याच नोव्हेंबरमध्ये केटीएमच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. जानेवारी २०२५ मध्ये सरदारोव्ह कुटुंबाने एमव्ही अगुस्ता परत आपल्याकडे घेत असल्याचे जाहीर केले. पुढे त्याच वर्षी पुण्याच्या बजाज ऑटोने केटीएम सावरली, तेव्हा एमव्ही त्या व्यवहारात नव्हती. त्याआधी २०१६ मध्ये पुण्याच्याच कायनेटिक समूहाने ‘मोटोरॉयल’द्वारे या गाड्या भारतात आणल्या होत्या.

नव्या रंगाची, नव्या इलेक्ट्रॉनिक्सची गाडी सादर करणे या कंपनीला कधीच अवघड गेले नाही. विकलेल्या गाडीची दहा वर्षे काळजी घेता येईल, असा विश्वास ग्राहकाला देणे हीच तिची खरी कसोटी आहे.