वेशीवरचे जुने यंत्र



आमच्या आयुष्याची तीस वर्षे कारखान्यांच्या गेटवर गेली. आत नव्हे, गेटवर. पाळी सुटावयाच्या वेळी जाऊन उभे राहावयाचे, सभा घ्यावयाची, वर्गणीच्या पावत्या फाडावयाच्या, आणि वॉचमन आपल्या वहीत आमचे नाव कोणत्या रकान्यात लिहितो याकडे तिरप्या नजरेने पाहावयाचे. गडकोटांच्या दरवाजांवर बोलणारे विद्वान या व्यासपीठावर पुष्कळ येऊन गेले आहेत. आम्ही आज एका निराळ्या वेशीचा इतिहास सांगणार आहोत. ही वेस संगणकांच्या जाळ्यावर असते, तिला फायरवॉल म्हणतात, आणि भंगारात निघालेल्या संगणकावर लिनक्स नावाची प्रणाली घालून ती जवळजवळ फुकटात उभी करता येते. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. या विषयातील जे काही कळले ते रात्री युनियनच्या कार्यालयात बसून, चुका करून कळले. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम नावाविषयी. फायरवॉल म्हणजे आग रोखणारी भिंत. शेजारच्या घराची आग आपल्या घरात येऊ नये म्हणून जी जाड भिंत बांधतात ती. मोटारीचे इंजिन आणि आत बसलेला माणूस यांच्यामधील पत्र्यालाही हेच नाव आहे. संगणकवाल्यांनी ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस उसने घेतले आणि, आमच्या मते, चुकीचे घेतले. भिंतीतून काहीच जावयाचे नसते. येथे मात्र जाणे-येणे अहोरात्र चालू ठेवून त्यातले काही तेवढे अडवावयाचे असते. त्याला आपल्याकडे भिंत म्हणत नाहीत, वेस म्हणतात.

ही वेस का लागली, ते २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्रीने दाखविले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा रॉबर्ट मॉरिस नावाचा एक विद्यार्थी होता. त्याने आपण होऊन एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरणारा कार्यक्रम लिहिला आणि तो जाळ्यावर सोडला. त्या वेळी सबंध इंटरनेटवर सुमारे साठ हजार संगणक होते. त्यांपैकी सहा हजारांच्या आसपास या किड्याने बेजार केले, असा तेव्हाचा अंदाज आहे. पुढे मॉरिसवर खटला झाला. तीन वर्षांची देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड अशी शिक्षा त्याला झाली. परंतु आम्हांला त्या रात्रीची निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अनेक संस्थांनी घाबरून आपली जाळ्याची जोडणीच तोडून टाकली. दार लावून घेतले. आणि किडा कसा मारावयाचा याची माहिती ज्या पत्रांतून येत होती, ती पत्रेही मग त्यांच्यापर्यंत पोहोचेनात! दार उघडे ठेवावे तर चोर येतो, आणि लावावे तर वैद्यही बाहेर राहतो. या पेचातून पहारेकऱ्याची कल्पना आकारास आली.

हा पहारेकरी काय पाहतो? जाळ्यावरून मजकूर सलग जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात. इंग्रजी शब्द आणि आपला शब्द येथे एकच झाले आहेत. प्रत्येक पाकिटावर कोठून निघाले, कोठे जावयाचे, आणि दोन्ही टोकांना कोणत्या क्रमांकाच्या खिडकीवर, एवढे लिहिलेले असते. टपालाची खिडकी २५ क्रमांकाची, वेबची ८० ची. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतील जेफ मोगल यांनी १९८९ मध्ये पाकिटावरचा हा मजकूर वाचून ते सोडावे की टाकावे हे ठरविणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. पाकीट फोडून आतले पत्र तो वाचीत नसे. जकात नाक्यावर मालमोटारीची ताडपत्री न सोडता नुसती बिल्टी पाहून गाडी सोडीत, तसाच हा प्रकार.

लिनक्सचा जन्म याच्यानंतर दोन वर्षांनी झाला. हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक प्रणाली हौसेने लिहीत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच वर्षी त्याने ती अशा परवान्याखाली आणली की, कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी, विकावी. मात्र बदल करून दुसऱ्याला देणाराने आपल्या बदलाचा मूळ लेखही खुला केला पाहिजे. हे कलम ध्यानात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे. १९९४ मध्ये ॲलन कॉक्स यांनी बीएसडी या दुसऱ्या एका प्रणालीतील पहारा लिनक्समध्ये आणला. १९९६ च्या आवृत्तीत त्याची दोरी योस वोस यांच्या कार्यक्रमाच्या हाती होती. रस्टी रसेल नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी १९९९ मध्ये 'आयपीचेन्स', आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीसाठी सर्वच पायापासून पुन्हा बांधून 'आयपीटेबल्स' ही व्यवस्था दिली. हे सारे फुकटात झाले अशी एक भाबडी समजूत आहे. रसेल यांना या कामासाठी वॉचगार्ड या कंपनीने काही काळ पगार दिला होता. कोणाची तरी भाकरी कोणीतरी भाजतच असतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हा हिशेब आम्ही आधी विचारतो.

२.४ मध्ये नवे काय आले, ते गेटवर उभे राहिलेल्यास चटकन कळेल. जुना पहारेकरी विसराळू होता. प्रत्येक पाकिटाकडे तो पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाही. नव्याच्या हातात वही आली. आतून कोण बाहेर गेला, कोणाकडे गेला, हे तो टिपून ठेवी आणि उत्तर घेऊन येणाऱ्यास तेवढ्यापुरता आत घेई. बाहेरचा कोणी न बोलाविता आला, तर वहीत नोंद नाही म्हणून तो बाहेरच. दुसरी सोय त्याआधीपासून होती, तिला मास्करेडिंग म्हणत, म्हणजे सोंग घेणे. आतल्या दहा यंत्रांची पत्रे एकाच कार्यालयाच्या पत्त्यावरून जावयाची, आणि उत्तरे आली की पहारेकऱ्याने ती ज्याची त्याला वाटावयाची. एकच टेलिफोन लाइन असलेल्या गरीब संस्थांना याचा केवढा आधार झाला! शिवाय ही कामे हलकी होती. डेव्ह सिनेज यांच्या 'लिनक्स राउटर प्रोजेक्ट' मध्ये सबंध वेस १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर मावत असे. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क मेलेली असली तरी अडत नसे.

आमच्या कार्यालयात ही वेस २००३ च्या पावसाळ्यात आली. त्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर सुटला होता. १३५ क्रमांकाच्या खिडकीतून तो आत शिरे, आणि साठ सेकंदांत यंत्र बंद होत असल्याची सूचना पडद्यावर येई. आमचे तीनपैकी एक यंत्र मोडेमला जोडताच असे मरू लागले. त्याच यंत्रावर सभासदांची वर्गणी, ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद आणि कोर्टाच्या तारखा होत्या. तंत्रनिकेतनात शिकणारा एका सभासदाचा मुलगा आला. भंगारवाल्याकडून १३३ मेगाहर्ट्‌झचा, ३२ मेगाबाइट स्मृतीचा पेंटियम आणला, मासिकाबरोबर आलेल्या तबकडीवरून लिनक्स घातले, मोडेम त्याला जोडला, आणि आमची तीन यंत्रे त्याच्या पाठीमागे बसविली. पडदा नाही, कळफलक नाही. नुसती घरघर. २००५ मध्ये ब्रॉडबँड आले तेव्हा त्यात जाळ्याचे दुसरे कार्ड घातले. यंत्र तेच.

वेस बसली आणि किडा पुन्हा आला. मुलगा चक्रावला. दोष असा होता की, नियमांच्या यादीत त्याने वर 'सर्वांस सोडावे' असे लिहिले होते आणि खाली '१३५ ला सोडू नये'. पहारेकरी यादी वरून वाचतो आणि जो पहिला नियम लागू पडेल तेथे थांबतो. खालची ओळ त्याने कधी वाचलीच नव्हती. करारनाम्यांत व्यवस्थापन पहिल्या कलमात सर्व अधिकार राखून ठेवते आणि आमचे लोक सोळाव्या कलमात मिळालेल्या सवलतीवर पेढे वाटतात, त्याची आम्हांला आठवण झाली. मग यादी उलटी केली. मुळात सर्वांस मनाई, आणि वर ज्यांना सोडावयाचे त्यांची नावे. मनाईचेही दोन प्रकार आहेत. एकात पहारेकरी 'जाता येणार नाही' असे कळवितो. दुसऱ्यात पाकीट गुपचूप टाकून देतो आणि पाठविणारा वाट पाहत राहतो. आमच्या मागणीपत्रांना बहुतेक दुसऱ्या प्रकारचे उत्तर मिळत आले आहे.

याच सुमारास हा पहारा तळहाताएवढ्या डब्यांत बसून बाजारात विकला जाऊ लागला. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या डब्यात लिनक्स असल्याचे २००३ मध्ये जाणकारांनी ओळखले, आणि परवान्यातील कलमावर बोट ठेवताच कंपनीला मूळ लेख खुला करावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी निघाले. जर्मनीत हाराल्ड वेल्टे यांनी तर साइटकॉम या कंपनीला न्यायालयात खेचले, आणि एप्रिल २००४ मध्ये म्यूनिकच्या न्यायालयाने परवाना पाळल्याखेरीज तो पहारा वाटू नये असा मनाईहुकूम दिला. आपल्या दारावरचा पहारेकरी कोणत्या नियमांनी चालतो ते वाचण्याचा हक्क कागदावर होता. तो खरा आहे की नाही हे कोर्टाची पायरी चढल्यावर कळले. कामगार कायद्यांच्या बाबतीत आमचा अनुभव निराळा नाही.

आता २००६ ची गोष्ट सांगतो. एका कारखान्यातील कंत्राटी कामगारांची युनियनमध्ये गुप्तपणे नोंदणी चालू होती. एके दिवशी सकाळी त्यांतील नेमक्या एकोणीस जणांना गेटवर थांबविले आणि 'उद्यापासून काम नाही' म्हणून सांगितले. एकोणीसच्या एकोणीस नावे आमच्या यादीतली. यादी आमच्या संगणकावर होती.

तो मुलगा तेव्हा नोकरीला लागला होता. तरी आला आणि रात्रभर जुन्या यंत्राची वही वाचीत बसला. बाहेरून कोणी शिरल्याची खूण नव्हती. वेशीने आपले काम चोख केले होते. परंतु आतून बाहेर जाणाऱ्यास आम्ही मुळीच अडविले नव्हते. 'आपलीच माणसे, त्यांच्यावर पहारा कशाला,' असे आम्हीच त्याला सांगितले होते. आदल्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीन क्रमांकाच्या यंत्रावरून ८० च्या खिडकीने पुष्कळ पाकिटे गेली होती. त्यांत यादी होती की कोणी क्रिकेटचा धावफलक पाहत होते, हे वही सांगू शकत नव्हती. ती यंत्र सांगते; यंत्रासमोर कोण बसले होते ते सांगत नाही. त्या यंत्रावर चौघे बसत. त्यांतले एक आम्ही. यादीही आम्हीच टंकलिखित केली होती.

कार्यकारिणीची सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. खजिनदारांचे म्हणणे असे की, यापुढे बाहेर जाणारे प्रत्येक पाकीट नोंदवावे, पत्रेही तपासावी. यंत्राला ते येते. त्यावर एक वृद्ध सभासद उठले. त्यांनी चाळीस वर्षे गेटवर रोज अंगझडती दिली होती. ते म्हणाले, "आता युनियनच्या हापिसातही हात वर करून उभं राहू का?" मते घेतली. खजिनदारांचा ठराव एका मताने पडला. ते मत कोणाचे हे आम्ही येथे सांगत नाही, परंतु ते देताना हात जड झाला होता. त्या दिवसापासून नव्या नोंदणीची यादी आम्ही कागदावर लिहितो आणि गोदरेजच्या कपाटात ठेवतो.

अकरा महिन्यांनी समेटात सात जण कामावर परत गेले. बाराजणांनी वाट पाहणे सोडले होते. यादी कोणी दिली ते आम्हांला आजतागायत कळलेले नाही.

जुना पेंटियम २०११ मध्ये बंद पडला. आता त्या जागी डबी आहे. लिनक्समध्येही त्या पहाऱ्याची जागा घेण्यासाठी २०१४ मध्ये 'एनएफटेबल्स' आले आहे. मात्र त्या मुलाने छापून काढलेली नियमांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटविलेली आहे, पहिल्या चुकीच्या ओळीवर त्याने मारलेल्या लाल फुलीसकट. ज्यांच्या घरी जुना संगणक धूळ खात पडला असेल त्यांनी तो विकण्यापूर्वी रविवारी सकाळी आमच्या कार्यालयात घेऊन यावा. जाळ्याचे एक जादा कार्ड आमच्याकडे आहे.