रसायनप्रयोगाची कालमर्यादा : एका परिभाषेचा इतिहास

जरानिवारक द्रव्ये रोज घ्यावीत की काही काळ घेऊन थांबावे, हा प्रश्न आधुनिक औषधशास्त्रानेच प्रथम उपस्थित केला, असा समज आढळतो. वस्तुतः भारतीय वैद्यकात या प्रश्नासाठी स्वतंत्र परिभाषा घडलेली होती. तिचा इतिहास पाहता औषधाचे नाव टिकून राहते आणि त्याचा कालक्रम मात्र गळून पडतो, असे दिसून येते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाला वाहिलेला आहे. त्यात प्रयोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला ‘कुटीप्रावेशिक’. यात एकाआत एक अशी तीन दालने असलेली कुटी बांधून, शरीरशोधन करून, तीत राहून रसायन घ्यावयाचे असते. दुसरा ‘वातातपिक’, म्हणजे वारा व ऊन यांत नित्याप्रमाणे वावरणाऱ्यासाठी. पहिल्या प्रकारास समर्थ, नीरोगी, संयमी आणि सवड व साधनसामग्री असलेला पुरुषच योग्य मानला आहे. ही विभागणी जितकी वैद्यकीय तितकीच सामाजिकही होय.

कालक्रमाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण त्याच अध्यायातील वर्धमान पिप्पलीचे आहे. पहिल्या दिवशी १० पिंपळ्या दुधाबरोबर घ्यावयाच्या, रोज १० वाढवीत दहाव्या दिवशी १०० पर्यंत जावयाचे आणि त्याच क्रमाने उतरावयाचे. १९ दिवसांत बरोबर १००० पिंपळ्या होतात आणि प्रयोग संपतो. अशक्तांसाठी ही वाढ कमी ठेवली आहे. आता याच संहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतिवापर करू नये, असे बजावले आहे. एकाच ग्रंथातील ही दोन विधाने परस्परविरोधी भासतात. पण विरोध द्रव्यात नसून काळात आहे. चढ, उतार आणि शेवट यांनी बांधलेली पिंपळी रसायन ठरते; सतत खाल्लेली पिंपळी दोष उत्पन्न करते.

सुश्रुतसंहितेचा टीकाकार डल्हण रसायनाचे काम्य, नैमित्तिक आणि आजस्रिक असेही तीन भेद देतो. विशिष्ट इच्छेने घेतले जाते ते काम्य, व्याधीच्या निमित्ताने घेतले जाते ते नैमित्तिक आणि दूधतुपासारखे नित्य सेविले जाते ते आजस्रिक. यातील अखेरची संज्ञा ‘अजस्र’ या शब्दावरून आली. संस्कृतात त्याचा अर्थ ‘अखंड, न थांबणारे’ असा आहे. मराठीत मात्र ‘अजस्र’ म्हणजे प्रचंड. काळाचा वाचक शब्द आकाराचा वाचक झाला, आणि ‘आजस्रिक’ ही संज्ञा मराठी वाचकाला अपारदर्शक बनली.

शब्दाच्या बाबतीत जे घडले, तेच च्यवनप्राशाच्या बाबतीत व्यवहारात घडले. चरकाने या अवलेहाची मात्रा जेवणास बाधा न आणणारी असावी, असे म्हटले आहे. वृद्धालाही नवयौवनाचे रूप लाभेल हे आश्वासन मात्र कुटीप्रवेशाशी जोडले आहे. विसाव्या शतकात बरणीतून घरोघरी पोहोचलेला च्यवनप्राश रोजच्या चमच्याचा विषय झाला. कुटी गेली, शोधन गेले. आश्वासन तेवढे उरले. मूळ प्रयोगाची स्मृती क्वचितच जागी झाली; उदाहरणार्थ, १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी कुटीत राहून केलेल्या कायाकल्पाच्या वेळी.

आधुनिक संशोधनातही हाच प्रश्न नव्याने उभा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या स्वयंसेवकांना एव्हरोलिमस हे औषध सहा आठवडे दिले गेले : काहींना रोज ०.५ मिलिग्रॅम, तर काहींना आठवड्यातून एकदा ५ किंवा २० मिलिग्रॅम. कमी मात्रेच्या दोन्ही पद्धतींत इन्फ्लुएंझाच्या लशीला मिळणारा प्रतिसाद सुधारला. यावरून चरकाचे म्हणणे सिद्ध होत नाही, आणि कोणत्याही रसायनाने आयुष्य वाढते असेही ठरत नाही. तात्पर्य इतकेच की, कालक्रम हा औषधाचाच एक घटक आहे. एका क्रमासाठी दिलेले आश्वासन दुसऱ्या क्रमाला लावणे, हे अर्थ बदललेला शब्द जुन्याच अर्थाने वाचण्यासारखे होय.