नॉर्स ‘बिग्ग’ शब्दाची व्युत्पत्ति

नॉर्वेजियन व आइसलँडिक भाषांत जवास ‘बिग्ग’ म्हणतात. डॅनिश शब्दही तोच. याच भाषांत वस्ती करणें, बांधणें या अर्थाचें ‘बिग्ग्या’ हें क्रियापद असल्यामुळें, वस्तीभोंवतीं पेरलें जाणारें तें बिग्ग, असा समज होणें स्वाभाविक आहे. आम्हांस हा क्रम ग्राह्य वाटत नाहीं.

प्राचीन इंग्रजींत जवास ‘बेओव’ व प्राचीन सॅक्सनमध्यें पिकास ‘बेओ’ म्हणत. या दोहोंत ‘ग्ग’ मुळींच नाहीं. जर्मानिक कुळांतील दुहेरी वकाराच्या जागीं नॉर्समध्यें ‘ग्ग’ येतो, हा नियम भाषाशास्त्रज्ञांनीं सिद्ध केलेला आहे. विश्वासू या अर्थाचा प्राचीन इंग्रजी ‘त्रेओवे’ हा शब्द नॉर्समध्यें ‘त्रिग्गर’ होतो, तो याच नियमानें. म्हणजे नॉर्स भाषा वेगळी होण्यापूर्वींच धान्याचें हें नांव रूढ होतें. तें क्रियापदाचें अपत्य नसून फार तर भावंड आहे. दोहोंचें मूळ, आपल्या ‘भू’ धातूशीं सजातीय अशा, होणें-वाढणें या अर्थाच्या धातूंत शोधितात. ‘भूमि’ हा शब्दही त्याच धातूचा, हें वाचकांस सांगावयास नको.

जवास नॉर्समध्यें ‘बर्र’ असें दुसरें नांव होतें. इंग्रजी ‘बार्ली’ त्याच्याच गोत्रांतील. ‘आल्विसमाल’ या काव्यांत माणसें ‘बिग्ग’ म्हणतात व देव ‘बर्र’ म्हणतात, असें सांगितलें आहे. देवांच्या तोंडीं घातलेला शब्द बहुधा व्यवहारांतून उठूं लागलेला असतो, असें आम्हांस वाटतें. ‘लोकासेन्ना’ या काव्यांत फ्रेय देवाच्या सेवकाचें नांव ‘बिग्ग्विर’ आहे, तेंही या धान्यावरूनच पडलेलें.

स्वीडनमध्यें मात्र ‘ब्युग्ग’ हें रूप मागें पडून ‘कोर्न’, म्हणजे मूळचा केवळ ‘दाणा’, हा शब्द जवास लागला. उत्तरेकडील अल्प उन्हाळ्यांत लवकर पिकणारें धान्य तेंच. जर्मनींत ‘कोर्न’ म्हणजे बहुधा राय, स्कॉटलंडांत ‘कॉर्न’ म्हणजे ओट. आपल्या पूर्व विदर्भांत ‘धान’ म्हणजे भात, त्यांतलाच हा प्रकार.

‘बिग्ग’ समुद्र ओलांडूनही गेला. उत्तर इंग्लंड व स्कॉटलंड येथें चार ओळींच्या कणसाच्या जवास ‘बिग’ म्हणत. हा शब्द नॉर्स लोकांचा. नवव्या शतकांतील इतिवृत्तांत हे लोक पुष्कळदां मठ लुटणारे म्हणून येतात. त्यांच्यांतील पुष्कळांनीं तेथें नांगर धरला व जव पेरला, ही गोष्ट त्या इतिवृत्तांपेक्षां शेतकऱ्यांच्या तोंडच्या या एका शब्दांत अधिक स्पष्ट राहिली आहे.