तापलेल्या इंजिनाचा पुरावा

गाडी थंड असताना झकास चालते. इंजिन तापलं की मिसिंग मारायला लागते, चढावर दम टाकते आणि सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. अर्ध्या तासानं सेल्फ मारला तर काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. अमेरिकेत मोटार घरोघरी पोचली तेव्हापासून ही तक्रार गॅरेजांत येत राहिली आहे, आणि तिचं खापर मेकॅनिकच्या माथी सहज फुटतं: त्याला दोष सापडत नाही, म्हणून तो अंदाजानं एकेक भाग बदलत सुटतो आणि बिल फुगवतो. या तक्रारीचा अमेरिकन इतिहास पाहिला तर हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. कुठला भाग इंजिनाच्या किती जवळ बसवायचा हे कारखान्याच्या नकाशावर ठरतं आणि दोषाचं मूळ अनेकदा तिथंच असतं. शिवाय इंजिन निवलं की पुरावा नाहीसा होतो. मेकॅनिककडे पाना होता, पण भागाची जागा बदलायचा अधिकार नव्हता आणि पुरावा साठवायची सोयही नव्हती.

व्हेपर लॉकचंच, म्हणजे पेट्रोलच्या नळीत वाफ अडकण्याचंच घ्या. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण, आणि त्यातले हलके अंश चाळीस अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात तो, इंजिनाच्या ब्लॉकलाच बोल्टनं आवळलेला असे. टाकी मागे, पंप पुढे. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा मधल्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि कमी दाबाखाली द्रव लवकर उकळतो. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजायची राहते, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे नळीला ज्या टोकाशी ब्लॉकची आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची धग लागते, तिथंच दाबही सर्वांत कमी. वाफ धरली की पंपाचा पडदा नुसती वाफ दाबत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. रॉकी पर्वतातल्या रस्त्यांवर उंचीची आणखी भर पडे. इंजिन बंद केल्यावर तर हाल वाढत. पंखा थांबतो, रेडिएटरचं पाणी फिरायचं थांबतं, ब्लॉकमधली उष्णता वर चढते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इनटेकमध्ये सांडतं. पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबलेली गाडी म्हणूनच पुन्हा सुरू होईना. पंपावर ओलं फडकं टाकण्याचा उपाय खंडाळ्याचा घाट चढवणाऱ्या जुन्या फियाटवाल्यांना परका वाटणार नाही. अमेरिकेत त्याच्या जोडीला पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. चिमट्यांनी नळी फारशी थंड होत नसावी, पण लावणाऱ्यानं दुखणं नेमकं कुठं आहे ते ओळखलं होतं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. खरा उतारा पडला तो पंपाची जागा बदलल्यावर. शेव्हरोलेनं १९७१च्या व्हेगा गाडीत विजेवरचा पंप टाकीतच बसवला. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं, पेट्रोल ओढण्याऐवजी मागून ढकललं जाऊ लागलं, नळीतला दाब कैक पटींनी वाढला, आणि १९९०च्या सुमारास नव्या अमेरिकन गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला तशी व्हेपर लॉकची तक्रारही ओसरली.

यावर कोणी म्हणेल, दोष पंपाच्या जागेचा नव्हताच, पेट्रोलचा होता. यात तथ्य आहे. हिवाळ्यात गाडी चटकन सुरू व्हावी म्हणून रिफायनऱ्या पेट्रोलमध्ये ब्युटेनसारखे हलके अंश जास्त ठेवतात, आणि अवचित उकाडा झाला की तेच पेट्रोल नळीत उकळतं. पेट्रोल किती लवकर वाफ धरतं हे ३७.८ अंशांवर मोजणारी रीड चाचणी कितीतरी आधीपासून वापरात होती. तरी उन्हाळी पेट्रोलवर देशव्यापी कायदेशीर मर्यादा आली ती १९८९ मध्ये, आणि १९९२ पासून ती ९ पीएसआयपर्यंत, दक्षिणेकडच्या प्रदूषित भागांत ७.८ पर्यंत खाली आणली गेली. त्यामागं हेतू ओझोनचं प्रदूषण रोखण्याचा होता; रस्त्यात अडकलेल्या मोटारमालकाचा विचार त्यात नव्हता. पण पेट्रोलचा दोष मान्य केला तरी माझा मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो. रिफायनरीत काय मिसळलं जातं यावरही मेकॅनिकचा काडीचा ताबा नव्हता.

इग्निशनची हकिगत याहून बोलकी आहे, कारण ती कोर्टात गेली. पॉइंट आणि कंडेन्सर जाऊन १९७०च्या दशकात ट्रान्झिस्टर आले. फोर्डनं १९८३ पासून अनेक मॉडेलांत टीएफआय नावाचं इग्निशन मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला जोडलं. तळहातात मावेल एवढी ती डबी. तिच्या पाठीला धातूची पट्टी, दोन बारीक स्क्रू, आणि डबी व डिस्ट्रिब्युटर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या ग्रीसचा पातळ थर. कॉइलचा प्रवाह चालू-बंद करताना मॉड्यूल स्वतःच तापतं. ती उष्णता डिस्ट्रिब्युटरच्या धातूत उतरावी अशी योजना होती, पण डिस्ट्रिब्युटर तर तापलेल्या इंजिनातच रोवलेला! त्यामुळे धावती गाडी अचानक बंद पडे आणि निवल्यावर सुरू होई. कॅलिफोर्नियातल्या मालकांनी दावा लावला. ऑक्टोबर २००० मध्ये अलमेडा काउंटीचे न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी राज्यात विकलेल्या १७ लाखांपर्यंत गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. हा धोका कंपनीला ठाऊक होता आणि तिनं तो सरकारी सुरक्षा यंत्रणेपासून दडवला, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंपनीला तो मान्य नव्हता. आपल्या गाड्या सुरक्षित आहेत, इंजिन अनेक कारणांनी बंद पडू शकतं, असं तिचं म्हणणं. २००१ मध्ये तडजोड झाली आणि मॉड्यूल बदलण्याचा खर्च भरून द्यायचं ठरलं. इंजिन अनेक कारणांनी बंद पडतं हे खरंच आहे, आणि गॅरेजवाल्याची अडचणही नेमकी तीच होती. त्याच्यापुढं एका वेळी एकच गाडी, तीही निवलेली. देशभरातून परत येणारे भाग एकत्र पाहून त्यांतला धागा ओळखणं फक्त कंपनीलाच शक्य होतं.

हुशार मेकॅनिक हेअर ड्रायरनं मॉड्यूल तापवून दोष जागेवर घडवून आणत, किंवा गाडी अडली की त्यावर थंड करणारा स्प्रे मारून पाहत, असा आक्षेप येईल. तसे मेकॅनिक होते, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांना सापडे तो बिघडलेला भाग. नवा भाग त्याच गरम जागी बसे आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. फोर्डनं पुढच्या काही मॉडेलांत मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरवरून काढून दूर बसवलं. तो निर्णय गॅरेजात घेता येण्याजोगा नव्हता.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ओबीडी-टू ही दोष नोंदणारी संगणकी यंत्रणा सक्तीची झाली, तिची सुरुवात कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळानं केली होती. या यंत्रणेतली फ्रीझ फ्रेम मला सर्वांत मोलाची वाटते. दोष नोंदला जाताच त्या क्षणीचं कूलंटचं तापमान, इंजिनाचे फेरे, त्यावरचा भार, गाडीचा वेग हे सगळं संगणक टिपून ठेवतो. इंजिन निवलं तरी ही नोंद राहते. मग प्रश्न संपला का? नाही. हा कायदा धुरासाठी लिहिलेला आहे. ठरलेल्या मर्यादेपर्यंत न पोचलेला बिघाड नोंद न ठेवताच निघून जातो. पी०३३५ हा कोड क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, पण सेन्सरमधली तार तापल्यावर तुटते आहे की एक्झॉस्टशेजारी वायरचं आवरण वितळलं आहे, हे मेकॅनिकनंच शोधायचं. बाकीची तपशीलवार माहिती आता गाडीतून बिनतारी थेट कंपनीकडे जाऊ शकते, म्हणजे टीएफआयच्या वेळी होता तोच असमतोल पुन्हा उभा राहतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये सुमारे ८६ टक्के मतांनी स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती मिळण्याचा हक्क दिला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ७५ टक्के मतांनी तो बिनतारी माहितीलाही लागू केला. मोटार कंपन्यांच्या संघटनेनं त्याच महिन्यात त्याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा दाखल केला.