हबशी वारसा : नांदेड–लातूर

पूर्व आफ्रिकेतून, मुख्यतः इथिओपियातून, दख्खनमध्ये आलेल्या हबशी सरदारांशी निगडित किल्ले, चित्रे व स्थलनामे. ‘हबश’ हे इथिओपियाचे अरबी नाव. यांपैकी बरेच जण गुलाम म्हणून आले आणि सैन्यातल्या कर्तबगारीवर किल्लेदार, सरदार, अगदी राज्याचे सूत्रधारही झाले.

स्थळे. औसा (जि. लातूर) : भुईकोट, तट व खंदक. अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी सूत्रधार मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) याने हिजरी १०१४ मध्ये तो जिंकून ‘अमरापूर’ नाव दिले, अशी माहिती रूढ आहे. तिच्यासोबत दिले जाणारे इ. स. १६३५ हे साल मात्र ग्राह्य नाही : हिजरी १०१४ म्हणजे १६०५–०६, आणि १६३५ पूर्वीच अंबर वारला होता. उदगीर (जि. लातूर) : १६३६ मध्ये मोगल सेनापती खान दौरानने वेढा घातला तेव्हा हबशी सरदार सिद्दी मिफ्ताह किल्लेदार होता. कंधार (जि. नांदेड) : १६३१ मध्ये निजामशाहीकडून मोगलांकडे.

संग्रहालयांतील चित्रे. अंबरची सर्वाधिक परिचित चित्रे त्याच्या शत्रूच्या चित्रशाळेत तयार झाली. मोगल बादशहा जहांगीरच्या दरबारातील अबुल हसनने सु. १६१६ मध्ये रंगवलेल्या चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे; गोल बैलावर, बैल माशावर. हाती धनुष्य, समोर भाल्याच्या टोकाला खोचलेले अंबरचे मस्तक, त्यावर घुबड. अंबर यानंतर दहा वर्षे जगला आणि जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. हाशिमने सु. १६२० मध्ये काढलेले व्यक्तिचित्र याच्या अगदी उलट : बाजूने दिसणारा भारदस्त चेहरा, पांढरा पोशाख, मोकळी पार्श्वभूमी. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. काही अभ्यासक हाशिमला मूळचा दख्खनी मानतात.

दोन्ही पाने एकाच चित्रसंग्रहातली. गव्हर्नर-जनरल लॉर्ड मिंटो (१८०७–१३) याच्या घराण्याकडे असल्याने तो ‘मिंटो संग्रह’ म्हणून ओळखला जातो. १९२५ मध्ये लंडनच्या लिलावात तो विकला गेला आणि पाने दोन संग्रहांत विभागली. एकाच बासनातला अंबरचा द्वेष आणि अंबरचा मान असे वेगळे झाले. म्हणून अशा वस्तूंचा पूर्वेतिहास लिलावाच्या सालापासून सुरू करणे अपुरे ठरते. चित्र कोणाच्या दरबारात झाले आणि चित्रातला माणूस कोणत्या मुलखाचा, या दोन्ही गोष्टी नोंदवहीत स्वतंत्रपणे यायला हव्यात. नुसते ‘मोगल’ लिहिले की औसा, उदगीर आणि हबश तिन्ही नोंदीतून गळतात.

प्रदर्शने. हबशी वारशावरील ‘आफ्रिकन्स इन इंडिया’, शोम्बर्ग केंद्र, न्यूयॉर्क, २०१३.

समाधी. मलिक अंबरची कबर खुलदाबादेत.