वटवाघळांचे नागपुरी पंचांग

नागपूर, प्रतिनिधी – विद्यापीठातील प्राणिशास्त्र विभागाचे वर्ष तसे ठरलेले असते. जून-जुलैमध्ये पदव्युत्तर प्रवेशांची गर्दी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, हिवाळी परीक्षा, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि उन्हाळ्यात प्रबंधांची धावपळ. जगभरच्या जीवशास्त्र विभागांच्या दिनदर्शिकेत मात्र गेल्या काही वर्षांत आणखी दोन तारखा रुळू लागल्या आहेत. १७ एप्रिल हा वटवाघळांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा दिवस मानला जातो, तर ऑगस्टच्या अखेरच्या शनिवार-रविवारी 'आंतरराष्ट्रीय वटवाघूळ रात्र' साजरी होते. नागपूरकरांना हे नवे फॅड वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात वटवाघूळ केव्हा मीलन करते, मादी किती दिवस गर्भ वाहते आणि पिल्लू कोणत्या महिन्यात जन्माला येते, याचे पंचांग मांडण्याचे काम याच शहरातील प्राणिशास्त्रज्ञांनी सत्तर वर्षांपूर्वी हाती घेतले होते. त्या पंचांगाची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक भासते आहे.

विद्यापीठाआधीची प्रयोगशाळा

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. शहरातील विज्ञानशिक्षणाचे मूळ मात्र याहून जुने आहे. १९०६ मध्ये सुरू झालेले व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणजेच आजची शासकीय विज्ञान संस्था. अमरावती मार्गावरील महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरात विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग नांदू लागण्यापूर्वी जीवशास्त्राचे संशोधन बहुतांशी या कॉलेजात चाले.

वनस्पतिशास्त्राची कामगिरीही लहान नव्हती. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या स्तरांत वनस्पतींचे जीवाश्म सापडले. तेथील एका अश्मीभूत फुलाचा अभ्यास करून नागपूरचे व्ही. बी. शुक्ला यांनी १९४४ मध्ये त्या फुलाच्या प्रजातीला बिरबल साहनी यांच्यावरून 'साहनिअँथस' हे नाव दिले. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

प्राणिशास्त्रात प्रा. एम. ए. मोघे यांचे नाव अग्रभागी येते. मूळचे ते परजीवी कृमींचे अभ्यासक. पुढे त्यांचे लक्ष मोठ्या फलाहारी वटवाघळाकडे, म्हणजे वडा-पिंपळावर दिवसा उलटे लटकलेले दिसते त्या 'टेरोपस'कडे वळले. या प्राण्याच्या गर्भाची वाढ आणि वार यांवरील त्यांचा शोधनिबंध १९५१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कीटकभक्षी वटवाघळांच्या गर्भविज्ञानावर १९४० च्या दशकापासून लिहिणारे डॉ. ए. गोपालकृष्ण पुढे नागपूरला आले आणि येथे या विषयाची एक परंपराच उभी राहिली. के. बी. करीम, ए. माधवन, पी. एन. चौधरी ही नावे त्यांच्या नावासोबत आंतरराष्ट्रीय संदर्भसूचींत आजही आढळतात.

एकाच शहरात अनेक वेळापत्रके

काम अत्यंत चिकाटीचे होते. वर्षाच्या प्रत्येक महिन्यात, शक्य तर प्रत्येक पंधरवड्यात, एकाच जातीचे नमुने मिळवायचे. मादीचे वजन आणि बीजकोश व गर्भाशयाची स्थिती नोंदवायची. हे अवयव रसायनात टिकवून मेणात बसवायचे आणि मायक्रोटोम यंत्रावर एका मिलीमीटरचे शंभराहून अधिक काप पडतील इतके पातळ कापायचे. एकही काप न गाळता ते क्रमाने काचपट्टीवर चढवून रंगवायचे. मधले दहा काप हरवले, तर गर्भ गर्भाशयाच्या भिंतीला नेमका कोठे चिकटला हे सांगता येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात मेणाचा ठोकळा मऊ न पडू देणे हीदेखील एक कलाच म्हणावी लागेल.

या परिश्रमातून निघालेले निष्कर्ष रोचक आहेत. जुन्या इमारती, विहिरी आणि झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या 'टॅफोझस लाँजिमॅनस' या कीटकभक्षी जातीला ठरावीक विणीचा हंगामच नाही, तिच्या गाभण माद्या वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सापडतात, असे गोपालकृष्ण यांनी १९५४ व १९५५ मध्ये दाखवून दिले. भारतातील बहुसंख्य कीटकभक्षी जाती वर्षातून एकदाच विणतात. त्यामुळे हवामान तेच, अंधार तोच आणि किडेही तेच असताना ही एक जात पंचांग का पाळत नाही, हा प्रश्न उभा राहिला.

गुहा आणि पडक्या वास्तूंत राहणाऱ्या 'राउसेटस लेशेनॉल्टी' या फलाहारी वटवाघळाची तऱ्हा आणखी निराळी. गोपालकृष्ण व चौधरी यांनी १९७७ मध्ये 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात तिचे वर्णन केले. मादीला नोव्हेंबरच्या सुमारास गर्भ राहतो आणि मार्चमध्ये पिल्लू होते. त्यानंतर विसावा न घेता ती लगेच पुन्हा गाभण राहते आणि दुसरे पिल्लू जुलै-ऑगस्टमध्ये जन्मते. या जातीच्या गर्भाशयाला दोन शाखा असतात. पहिला गर्भ एका शाखेत वाढला असेल तर दुसरा दुसऱ्या शाखेत वाढतो. बाळंत झालेल्या शाखेला तेवढीच उसंत मिळते, असे म्हणता येईल.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष कदाचित शुक्राणूंविषयीचा असावा. थंड प्रदेशातील वटवाघळे शीतनिद्रेपूर्वी मीलन करतात, शुक्राणू हिवाळाभर मादीच्या शरीरात जिवंत राहतात आणि वसंतात गर्भधारणा होते, हे युरोपात ठाऊक होते. ही सोय शीतनिद्रेसाठीच असावी, असा तर्क त्यातून सहज निघे. परंतु 'पिपिस्ट्रेलस सिलोनिकस' या आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातील जातीतही मीलनानंतर शुक्राणू मादीच्या शरीरात टिकून राहतात, असे गोपालकृष्ण व माधवन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. शीतनिद्रेचा प्रश्नच नसलेल्या हवामानात ही सोय आढळल्याने तो तर्क अपुरा ठरला.

विज्ञान काँग्रेसच्या निमित्ताने

भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन ३ ते ७ जानेवारी २०२३ या काळात विद्यापीठाच्या अमरावती मार्गावरील परिसरात भरले. विद्यापीठाच्या शताब्दी वर्षातील हा मोठा सोहळा होता. पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन केले. महिला, बालक आणि शेतकरी यांच्यासाठीच्या उपक्रमांबरोबर आदिवासी विज्ञान काँग्रेसही घेण्यात आली. नागपूरला हा मान यापूर्वी १९२०, १९३१, १९४५ आणि १९७४ मध्ये मिळाला होता. त्यांपैकी १९३१ च्या अधिवेशनाचे अध्यक्ष आर. बी. सेमूर सेवेल हे स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होते. जानेवारी २०२४ चे नियोजित अधिवेशन मात्र झाले नाही. मांडव उतरला, पाहुणे गेले आणि विभाग पुन्हा रोजच्या तासिकांकडे वळले.

त्या रोजच्या तासिकांचे स्वरूपही पालटले आहे. प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये केली आणि २०१४ मध्ये ते पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. बेडूक, झुरळ आणि उंदीर यांवर हात बसविणारी पिढी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. नवे विद्यार्थी संगणकावरील प्रतिमा आणि तयार काचपट्ट्यांवर शिकतात.

कायदाही बदलला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत फलाहारी वटवाघळांची गणना कावळे आणि उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांत केली होती. त्यांना मारण्यास परवानगीची गरज नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूचीच रद्द झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अमलात आली. प्राणिमित्रांच्या दीर्घकालीन मागणीला त्यामुळे यश आले, हे निःसंशय. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा, की महिन्यामागून महिना शेकडो माद्या पकडून त्यांच्या गर्भाशयांचे काप करण्याचा जुन्या पद्धतीचा अभ्यास आता कोणी करू धजणार नाही आणि करूही नये. साहजिकच त्या काळी जे काप झाले, त्यांची जागा घेणारे नवे काप होणे नाही.

जुन्या तारखा, नवे प्रश्न

या तारखांचे आज काय, असा प्रश्न २०२० पर्यंत कदाचित कोणी विचारला असता. त्या वर्षी करोनाच्या धास्तीने वटवाघळांच्या वसाहती हुसकावण्याचे प्रकार सुरू झाले आणि एप्रिलमध्ये दक्षिण आशियातील ६४ वटवाघूळ अभ्यासकांना संयुक्त निवेदन काढून हे प्राणी माणसाला करोना थेट देत नाहीत, असे सांगावे लागले. त्याच्या एकच महिना आधी, मार्च २०२० मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. खुणा आढळलेल्या दोन जातींपैकी एक होती 'राउसेटस लेशेनॉल्टी', म्हणजे मार्चमध्ये पिल्लू आणि लगेच दुसरा गर्भ, असे वेळापत्रक पाळणारी तीच जात.

गाभणपण आणि स्तनपान या काळात मादीवर ताण असतो, तर नव्या पिल्लांची प्रतिकारशक्ती कच्ची असते. वसाहतीत विषाणूचा वावर केव्हा वाढतो याचा शोध घेणारे संशोधक म्हणूनच विणीच्या हंगामाकडे बारकाईने पाहतात. नमुने कोणत्या महिन्यात घ्यावेत आणि गुहेकडे कोणत्या महिन्यात फिरकू नये, हे ठरविताना १९७७ चा निबंध उपयोगी पडतो.

उष्णतेचा प्रश्न तर नागपूरच्या उंबरठ्यावरचा आहे. मोठ्या फलाहारी वटवाघळाची मादी वर्षातून एकदा, साधारणपणे एकच पिल्लू देते आणि ते पिल्लू उन्हाळ्याच्या मागेपुढे आईच्या छातीला बिलगलेले असते. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ शेकडो वटवाघळे झाडांखाली मरून पडली. तपासात उष्माघात हे कारण पुढे आले. ज्या शहराने ४७ अंशांपुढचा पारा पाहिला आहे, तेथे विणीच्या तारखा पुढे-मागे सरकत आहेत का, हे तपासणे अगत्याचे ठरते. सरकल्या असे म्हणण्यासाठी आधी त्या कोठे होत्या हे ठाऊक हवे. मध्य भारतापुरता त्याचा लेखी आधार म्हणजे मोघे-गोपालकृष्ण परंपरेचे निबंध आणि त्यांमागच्या काचपट्ट्या.

निबंध ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. काचपट्ट्यांचे तसे नसते. रंग फिका पडतो, चिकटद्रव्य पिवळे पडते, चिठ्ठी गळून पडली की नमुना अनाथ होतो. हॉलंडमधील ह्युब्रेख्त यांचा प्रसिद्ध भ्रूणसंग्रह २००४ मध्ये बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने सांभाळण्यासाठी घेतला. अमेरिकेत हार्लंड मॉसमन यांच्या काचपट्ट्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालय विभागात जतन केल्या आहेत. आपल्याकडे मात्र असे साहित्य बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या कपाटात आणि त्याच्या स्मरणशक्तीत राहते. प्राध्यापक निवृत्त झाले की कपाटाची किल्ली आधी हरवते. विज्ञान दिनाला भित्तिपत्रके लावणाऱ्या प्रत्येक प्राणिशास्त्र विभागाने एखाद्या वर्षी जुन्या काचपट्ट्यांची जात, स्थळ आणि तारीख यांसह यादी केली, तर त्यासाठी वेगळे अनुदान लागणार नाही. विच्छेदन बंद झाल्यावर विद्यार्थ्यांना पाहण्यासाठीही त्याच उरल्या आहेत.

सामान्य नागरिकांसाठी वटवाघूळ रात्रीचा ऑगस्टअखेरचा मुहूर्त सोयीचा आहे. पाऊस उघडला असेल तर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात पथदिव्यांभोवती कीटकभक्षी जाती घिरट्या घालताना दिसतात. फलाहारी जाती उंबर-पिंपळाच्या फळांवर थोड्या उशिरा येतात. निरीक्षणासाठी दुर्बीण लागत नाही. प्रकाशझोत थेट अंगावर टाकू नये आणि जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. पडक्या वास्तू किंवा गुहेत शिरणे तर मार्च आणि जुलै-ऑगस्ट या महिन्यांत कटाक्षाने टाळावे, कारण त्या वेळी छताला लटकलेल्या अनेक माद्यांच्या अंगावर पिल्ले असतात आणि एका घाबरलेल्या उड्डाणात ती खाली पडतात.