बसवनगुडीची उपाहारगृहे

अपरिचित नगरात उतरलेल्या माणसाला देवळाची वाट कोणीही दाखवितो. परंतु चांगली न्याहारी कोठे मिळेल, या प्रश्नाला प्रत्येकाचे उत्तर निराळे असते. पाटी मोठी असली म्हणजे पदार्थ रुचकर असतोच असे नाही, आणि गर्दी झाली म्हणजे ती जाणकारांचीच असते असेही नाही. काही वस्त्यांत मात्र हा प्रश्न फारसा विचारावाच लागत नाही. सकाळी दहा मिनिटे पायी चालावे, आणि जेथे शेजारपाजारची माणसे भाजीची पिशवी हातात घेऊन खोळंबलेली दिसतील, तेथे आपणही थांबावे. बंगलोर, म्हणजे आजचे बेंगळुरू, या शहराच्या दक्षिणेकडील बसवनगुडी ही अशी एक वस्ती आहे. तिला हे रूप कसे आले, याचा शोध घेऊ लागले की माणूस एका महामारीपाशी जाऊन पोचतो.

१८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगलोरला पोचला. त्या वेळी हे शहर दोन भागांत विभागलेले होते. एक म्हैसूर संस्थानाच्या अमलाखालील जुनी पेठ, आणि दुसरी इंग्रजांची लष्करी छावणी. पेठेतील अरुंद गल्ल्या आणि एकमेकींना खेटून उभी असलेली घरे यांत साथीने हाहाकार उडविला. शहराबाहेर नव्या वसाहती आखण्याचे काम त्या दशकात सुरू झालेलेच होते. साथीने त्याला निकड आणली. उत्तरेस मल्लेश्वरम् आणि दक्षिणेस बसवनगुडी अशा दोन वसाहती त्यातून वाढीस लागल्या. बसवनगुडी म्हणजे नंदीचे देऊळ. तेथील टेकडीवरच्या देवळात एकाच शिळेतून कोरलेला प्रचंड नंदी आहे, आणि कार्तिकातील अखेरच्या सोमवारी देवळाच्या परिसरात भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. नव्या वसाहतीने आपले नाव या देवळाकडून घेतले.

आखणी करणाऱ्यांच्या मनात उपाहारगृहे नव्हती. त्यांना हवा होता उजेड आणि वारा. म्हणून सरळ, रुंद रस्ते आले, दुतर्फा झाडे आली आणि घरांच्या पाठीमागे सफाईसाठी निराळी गल्ली आली. मोटारी त्या काळी मूठभरांकडे होत्या. म्हणून शाळा, बाजार, बाग आणि देऊळ ही सारी पायी जाण्याच्या अंतरावर असणे क्रमप्राप्त होते. पहाटे लालबागेत फेरफटका, परतताना गांधी बाजारात फुले व भाजी, आणि त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पेलाभर कॉफी, असा दिनक्रम या रचनेतून सहज घडत गेला. आरोग्यासाठी आखलेल्या रस्त्यांनी माणसांना चालावयास लावले, आणि चालणाऱ्या माणसांनी उपाहारगृहे उभी केली.

ही उपाहारगृहे चालविण्यास पुढे आले ते मुख्यत्वे दक्षिण कन्नड जिल्ह्यातील, उडुपीच्या परिसरातील लोक. तेथील कृष्णमठाच्या पंक्तींत मुरलेली पाककला घेऊन घरोघरचे तरुण शहरांकडे निघाले. मैया बंधू त्यांपैकीच. १९२४ साली त्यांनी लालबागेजवळ ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ काढला. दुसऱ्या महायुद्धात तांदळाचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात इडलीसाठी रवा वापरून पाहण्यात आला, आणि अडचणीतून जन्मलेली रवा इडली पुढे साऱ्या देशाची झाली. १९४३ साली गांधी बाजारात ‘विद्यार्थी भवन’ सुरू झाले. जवळपासच्या शाळा-कॉलेजांतील मुलांसाठी निघालेले हे लहानसे ठिकाण मसाला डोशासाठी प्रसिद्धीस आले, आणि याच भागात राहणारे कन्नड साहित्यिक मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्यासारखी माणसेही तेथे येऊ लागली.

मराठी श्रोत्याला याचे सख्खे भावंड मुंबईत सापडेल. त्याच प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी केली. तेथे दाक्षिणात्य नोकरदार राहावयास आले, आणि १९४२ साली माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायक यांनी ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ काढले. रोग एक, त्यावरील उपाय एक, आणि त्या उपायाच्या सावलीत शिजणारे अन्नही एकच!

परंतु या इतिहासाला दुसरी बाजू आहे, आणि ती चवीच्या गोडव्यात विसरून चालणार नाही. चालत जाण्याच्या अंतरावर असलेले दार प्रत्येकासाठी उघडे होतेच असे नाही. वसाहतीच्या आरंभीच्या भूखंडवाटपातही जातीजमातींनुसार विभाग पडलेले होते. त्या काळी दक्षिणेतील कित्येक उपाहारगृहांत ब्राह्मणांची बसावयाची जागा वेगळी असे. आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना कॉफीचा वास रस्त्यावरच घ्यावा लागे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न पाण्यासाठी विचारला गेला, तोच प्रश्न कॉफीच्या पेल्यापाशीही उभा होता. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांच्याबरोबरच दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचाही उल्लेख आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या हातून घडलेल्या या संविधानाने नळाइतकेच महत्त्व न्याहारीच्या बाकाला दिले. १९५५ च्या कायद्याने असा मज्जाव हा दंडनीय अपराध ठरविला.

बदल हळूहळू झाला. मैया बंधूंपैकी यज्ञनारायण मैया १९५१ साली युरोपात जाऊन आले, आणि स्वयंपाकघराच्या स्वच्छतेकडे ते कटाक्षाने पाहू लागले. १९६० साली त्यांच्या ‘ब्राह्मण कॉफी क्लब’चे नाव बदलून ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ झाले. जातीच्या नावाच्या जागी वस्तीचे नाव आले. तरीही १९६५ साली शेजारच्या शंकरपुरात निघालेल्या एका लहानशा दुकानाने ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ हेच नाव धारण केले. आज तेथे कोणीही जातो. सांबाराविना, केवळ चटणीबरोबर इडली-वडा खातो आणि उभ्यानेच कॉफी पितो. दार उघडले, पाटी मात्र जुन्या काळाची साक्ष देत राहिली. पुढे १९८३ साली बसवनगुडीला लागून असलेल्या जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ निघाले, आणि उभ्याने खाण्याची ही रीत शहरभर पसरली. आधी पैसे द्यावे, चिठ्ठी घ्यावी, आणि उंच टेबलाशी मिळेल त्याच्या शेजारी उभे राहावे. एके काळी ज्या बैठकींवरून माणसांची वर्गवारी होत असे, त्या बैठकीच येथे नाहीशा झाल्या.

तेव्हा चांगले उपाहारगृह ओळखावयाचे कसे? बसवनगुडीचे उत्तर साधे आहे. जेथे पदार्थ थोडे, पण दिवसभर ताजे होत असतात. जेथे आठवड्यातील सुट्टीचा दिवस ठरलेला असतो आणि तो पाळला जातो. जेथे मालकाला रोजची माणसे चेहऱ्याने ठाऊक असतात, आणि ती माणसे पायी आलेली असतात, ते ठिकाण बहुधा फसवीत नाही. पायी येणारा गिऱ्हाईक उद्या पुन्हा येणार असतो. त्याला एकदा फसवून भागत नाही. दूरवरून वाहनाने एकदाच येणाऱ्याची गोष्ट निराळी.

आज या रस्त्यांवर वाहनांची रीघ लागलेली असते, आणि जुन्या बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. २०१७ पासून नॅशनल कॉलेजजवळ मेट्रोचे स्थानक आहे, त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही या भागात पायउतार होऊन चालू शकतो. परंतु पदपथ मोटारींनी व्यापला आणि झाडांची सावली गेली, तर तव्यावरचा डोसा तसाच राहूनही त्याचे उपाहारगृह तसे राहणार नाही. प्लेगच्या भीतीने एका पिढीने रुंद रस्ते आखले; त्या रस्त्यांवर चालण्यास जागा शिल्लक राहते की नाही, यावर पुढच्या पिढीची सकाळची कॉफी अवलंबून आहे.